बोलण्याच्या अलीकडचं बोलणं

स्वयंपाकघरातलं पातेलं नजरेस पडलं की तो मुलगा पीटरचं नाव घ्यायचा. घरात पीटर नावाचं कुणी नव्हतं. एखादी वस्तू भिरकावायची लहर आली की तो स्वतःलाच दरडावायचा, कुत्र्याला बाल्कनीतून खाली टाकायचं नाही म्हणून. आसपास कुत्रा नसायचा, बाल्कनीही नसायची. त्रयस्थाला ही असंबद्ध बडबड वाटावी. पण आईकडून मागच्या गोष्टी कळल्या तेव्हा दोन्हींचा उलगडा झाला. मुलगा दोन वर्षांचा असताना आई काम करता करता त्याला पीटरचं बालगीत म्हणून दाखवत होती आणि तिच्या हातून पातेलं निसटलं. तेव्हापासून पातेलं म्हणजे पीटर. कुत्रा होता खेळण्यातला. हे कुटुंब इंग्लंडमध्ये असताना मुलगा तो सारखा बाल्कनीतून खाली टाकायचा आणि उचलून आणून आणून वैतागलेली आई त्याच शब्दांत त्याच्यावर चिडली होती. तीन वर्षं उलटली तरी ‘फेकू नकोस’ एवढ्याच अर्थाने ते अख्खं वाक्य त्याच्यापाशी जसंच्या तसं होतं.

ही नोंद डॉ. लिओ कॅनर यांची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणाऱ्या कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला आणि ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही एक स्वतंत्र अवस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या अकरांपैकी आठ मुलं बोलत होती, तीन बोलत नव्हती. १९४६ मध्ये त्यांनी खास या मुलांच्या भाषेवर दुसरा लेख लिहिला. निरर्थक वाटणाऱ्या त्यांच्या बोलण्याला अर्थ असतो, फक्त तो मुलाच्या खासगी अनुभवातून आलेला असतो, आणि तो अनुभव ठाऊक नसलेल्याला तो कळत नाही, असं त्यांनी उदाहरणांनिशी दाखवलं.

तरीही पुढची बरीच वर्षं ऐकलेलं वाक्य पोपटासारखं परत म्हणण्याची सवय ही मोडून काढायची खोड समजली गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या चित्रफिती बारकाईने तपासल्या. मूल ते वाक्य केव्हा म्हणतं, कुणाकडे बघून म्हणतं, म्हणताना हात कुठे जातो, हे पाहिल्यावर त्या पुनरुच्चारांची कामं वेगवेगळी निघाली. कधी ते होकार असतात, कधी मागणी, कधी बोलण्यातली आपली पाळी सांभाळणं, तर कधी स्वतःलाच दिलेली सूचना.

मराठी घरातही हे रोज घडतं. तहान लागलेला मुलगा आईजवळ येऊन ‘पाणी हवंय का तुला?’ असं म्हणतो. त्याच्या अनुभवात पाणी मिळण्याआधी दरवेळी हेच वाक्य येतं, म्हणून पाणी मागायचं वाक्य हेच. आई ‘मी येते’ म्हणते म्हणून मुलगाही ‘मी येते’ म्हणतो. अशा वेळी ‘तसं नाही, नीट बोल’ म्हणून त्याला अडवलं तर तहान बाजूला राहते आणि परीक्षा सुरू होते. त्याऐवजी पाणी देता देता ‘मला पाणी हवंय’ हे त्याच्या तोंडचं वाक्य त्याच्या वतीने एकदा म्हटलं, तर पुढच्या वेळी उचलायला त्याला योग्य वाक्य मिळतं.

एका नावाखाली अनेक अडचणी

‘विकासात्मक अक्षमता’ या नावाखाली एकमेकांशी फारसं साम्य नसलेल्या अवस्था एकत्र येतात. सेरेब्रल पाल्सीत मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमध्ये गडबड होते. जीभ, ओठ, श्वास यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे समज शाबूत असलेलं मूलही स्पष्ट बोलू शकत नाही. डाउन सिंड्रोममध्ये बहुधा समज उच्चारांच्या पुढे असते. शिवाय मधल्या कानात द्रव साठून ऐकू कमी येण्याचं प्रमाण या मुलांत बरंच असतं. स्वमग्न मुलाचे उच्चार कधी स्वच्छ असतात, पण बोलणं कुणाशी आणि कशासाठी करायचं याचं गणित वेगळं असतं. बौद्धिक अक्षमतेत भाषा येते, पण उशिरा आणि सावकाश.

म्हणून पहिला प्रश्न ‘मूल का बोलत नाही’ हा पुरेसा नसतो. त्याला ऐकू येतं का? ऐकलेलं कळतं का? कळलेलं व्यक्त करायला त्याच्याकडे साधन आहे का? हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी निघतात. श्रवणचाचणी न करता वर्षभर उच्चारांचे धडे देणं म्हणजे वेळ दवडणं.

अशी मुलं अपवादाने आढळतात, हाही गैरसमजच. हिमाचलमधला कांगडा, हरियाणातला पलवल, ओडिशातला ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते सहा या वयोगटात ९.२ टक्के आणि सहा ते नऊ या वयोगटात १३.६ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण आढळली. यात फिट्स, दृष्टी-श्रवणदोष आणि मोठ्या वयोगटात अध्ययन अक्षमताही मोजल्या होत्या, हे लक्षात घेतलं तरी आकडा लहान नाही.

हात ओढणं, ओरडणं, चावणं

शब्द येण्याच्या कितीतरी आधी बाळ बोलायला लागतं. साधारण नऊ महिन्यांच्या सुमारास ते आई जिकडे बघते तिकडे बघतं आणि वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागतं. हे बोट दोन तऱ्हेचं असतं. एक ‘ते दे’ म्हणणारं, दुसरं ‘ते बघ’ म्हणणारं. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवणाऱ्या बाळाला कावळा नको असतो. आपण पाहिला तो तूही पाहावास, एवढंच हवं असतं. अनेक स्वमग्न मुलांमध्ये हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येत नाही. डबा उघडून हवा असेल तर असं मूल मोठ्याचा हात धरून डब्यापर्यंत नेतं, चेहऱ्याकडे मात्र बघत नाही. पुष्कळ पालकांना वाटतं, ‘याला आमची गरजच नाही.’ वास्तविक हात ओढणं हीसुद्धा मागणीच असते आणि पुढची पायरी बांधायला ती उपयोगी पडते.

ज्याच्यापाशी बोटही नाही आणि शब्दही नाही, ते मूल काय करणार? ते किंचाळतं, वही फाडतं, स्वतःच्याच हाताला चावतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विकासात्मक अक्षमता असलेली चार मुलं त्यांनी निवडली. आधी ही मुलं केव्हा बिथरतात ते पाहिलं. काहींचा त्रागा काम अवघड झालं की वाढायचा, तर काहींचा मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. मग प्रत्येकाला एक वाक्य शिकवलं: अवघड कामाने बिथरणाऱ्याला ‘मला समजत नाही’ या अर्थाचं आणि लक्ष हवं असणाऱ्याला ‘मी चांगलं करतोय का?’ या अर्थाचं. त्रागा झपाट्याने खाली आला. प्रयोगातला खरा खुबीचा भाग पुढे आहे. त्याच मुलांना कारणाशी न जुळणारं वाक्य दिलं तेव्हा वागण्यात काही फरक पडला नाही. म्हणजे मूल नुसतं बोलायला शिकलं म्हणून शांत झालं नव्हतं. जे सांगायचं होतं तेच सांगता आलं म्हणून झालं होतं.

या प्रयोगातून उभी राहिलेली पद्धत आज जगभरच्या विशेष शाळांत वापरली जाते. तिची सुरुवात कागद-पेन्सिलीने होते. मूल बिथरण्याआधी काय घडलं, त्याने काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, या तीन रकान्यांची नोंद आठवडाभर ठेवली की बहुतेक वेळा कारण दिसू लागतं. प्रार्थनेच्या वेळी रोज कान झाकून ओरडणाऱ्या मुलाला लाऊडस्पीकर सोसत नसेल. ‘बाहेर’ असं सांगणारं एक चित्र हाताशी आलं तर त्याला ओरडावं लागणार नाही.

सिडनीतला अभियंता आणि टोरांटोतली मुलं

चित्रांनी बोलण्याचा इतिहास एका विलक्षण माणसाशी जोडलेला आहे. १८९७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या चेर्नोविट्स गावी, आजच्या युक्रेनमध्ये, जन्मलेला कार्ल ब्लिट्स हा रसायन अभियंता. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्याला डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं. सुटका झाल्यावर इंग्लंडमार्गे तो शांघायला पोचला. तोवर त्याने आडनाव बदलून ब्लिस केलं होतं, कारण जर्मन बाँबहल्ल्यांमुळे ‘ब्लिट्स’ हा शब्द इंग्लंडमध्ये नकोसा झाला होता. शांघायमध्ये चिनी अक्षरं पाहून त्याला कल्पना सुचली: वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांना सारखीच वाचता येईल अशी चिन्हलिपी. माणसं एकमेकांना समजू शकली तर युद्धं टळतील, अशी त्याची श्रद्धा होती. युद्धानंतर ऑस्ट्रेलियात सिडनीला स्थायिक होऊन त्याने १९४९ मध्ये या लिपीचं पुस्तक काढलं. विद्यापीठांनी आणि सरकारांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

१९७१ मध्ये कॅनडात टोरांटोच्या एका अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन ही शिक्षिका आणि तिचे सहकारी सेरेब्रल पाल्सी असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांसाठी साधन शोधत होते. तोवर अशा मुलांच्या, बोट ठेवून बोलायच्या फळीवर संडास, पाणी, जेवण अशी मोजकी चित्रं असायची. ब्लिसची चिन्हं त्यांच्या हाती लागली आणि चित्र पालटलं. या लिपीत मूळ चिन्हं थोडी, पण ती एकमेकांना जोडून नवे अर्थ बनवता येतात. त्यामुळे फळीवर नसलेली गोष्टही मुलाला सांगता येऊ लागली. भावना, भूतकाळ, थट्टा, तक्रार हे सगळं प्रथमच बोटाच्या टोकाशी आलं.

बातमी कळल्यावर ब्लिस हरखून गेला. पण थोड्याच काळात शिक्षकांनी आपल्या चिन्हांत फेरफार केलेले त्याला खपेनात. मुलांना इंग्रजी वाचनाकडे नेणारा पूल म्हणून ही लिपी वापरणं त्याला मान्य नव्हतं. त्याच्या लेखी ती स्वतःच जगाची भाषा होती. तंटा वकिलांपर्यंत गेला आणि १९८० च्या दशकात तडजोड होऊन मिटला. तोवर ही चिन्हं अनेक देशांत पोचली होती.

भारतातही याच सुमाराला जमीन तयार होत होती. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली. तिचं आजचं नाव ‘अडाप्ट’. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी. मालिनी यांचं बोलणं अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. एका बोटाने टंकलेखन करत त्यांनी लंडनच्या विद्यापीठांतून दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि २०१० मध्ये ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन प्रसिद्ध केलं. १९७४ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या संस्थेने, म्हणजे आजच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी’ने, संवादाच्या पर्यायी साधनांचं काम देशात रुजवलं.

फळी आता मोबाइलवर आली आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी तयार केलेलं ‘आवाझ’ आणि आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात घडलेलं ‘जेलो’ ही दोन भारतीय ॲप आहेत. चित्राला बोट लावलं की ती बोलतात. बोटही हलत नसेल तर नजर कुठे थांबली हे ओळखणारी यंत्रं आहेत. आणि यंत्र परवडत नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार चित्रं चिकटवून मुलाची नजर समोरच्याने वाचायची, हा जुना उपाय आजही तितकाच कामाचा आहे.

साधन हातात दिलं की काम झालं, असं मात्र नाही. जी भाषा आजूबाजूला कुणीच बोलत नाही ती कुणालाही येत नाही. म्हणून मोठ्यांनीही बोलताना त्याच फळीवर बोट ठेवत बोलायचं असतं. ‘चल, बाहेर जाऊ’ म्हणताना ‘बाहेर’वर बोट, ‘संपलं’ म्हणताना ‘संपलं’वर बोट. दुसरी चूक फळीवरच्या शब्दांची. पोहे, पाणी, शू, टीव्ही एवढंच दिलेलं मूल फक्त मागण्या करू शकतं. ‘नको’, ‘थांब’, ‘परत’, ‘दुखतंय’, ‘चुकलं’, ‘एक गंमत सांगू?’ हे शब्द नसतील तर नकार देण्याचा आणि गप्पा मारण्याचा मार्गच बंद होतो.

पालकांना सर्वांत जास्त छळणारी भीती वेगळीच असते: चित्रांची सवय लागली तर हा कधी बोलणारच नाही. या भीतीचा पडताळा घेतला गेला आहे. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधिकांनी आणि संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. काटेकोर पद्धतीने झालेल्या सहा अभ्यासांत २७ व्यक्ती होत्या. त्यांतल्या ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, ११ टक्क्यांच्या बोलण्यात फरक पडला नाही आणि कुणाचंही बोलणं कमी झालं नाही. वाढ बहुधा बेताची होती, त्यामुळे चित्रं दिली की वाचा फुटेल असं आश्वासनही कुणी देऊ नये.

१९८५ पासून अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी विकसित केलेल्या चित्र-देवाणघेवाणीच्या पद्धतीत सुरुवातीचा नियम मोठा मार्मिक आहे. मुलासमोर त्याच्या आवडीची वस्तू घेऊन एकजण बसतो, मागे दुसरा. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागचा माणूस त्याच्या हाताला चित्र उचलून पुढच्याच्या तळव्यावर ठेवायला मदत करतो. पुढच्याने ‘काय हवं?’ असं विचारायचं नाही. विचारलं की मूल विचारण्याची वाट बघायला शिकतं, आणि स्वतःहून सुरुवात करणं हेच तर त्याला शिकवायचं असतं.

हात कुणाचा, शब्द कुणाचे

मुलाच्या मनातलं कळावं ही आस किती फसवू शकते, याचा धडा १९९० च्या दशकात मिळाला. ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी मेलबर्नच्या सेंट निकोलस रुग्णालयातल्या मुलांसोबत एक पद्धत सुरू केली होती. मोठी व्यक्ती मुलाचा हात किंवा मनगट धरते आणि मूल कळफलकावर अक्षरं टिपतं. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिकलेन यांनी १९९० मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि ती वणव्यासारखी पसरली. कधी एक शब्द न बोललेली मुलं कविता लिहू लागली, आईवर प्रेम असल्याचं कळवू लागली. पालकांच्या आनंदाला पार राहिला नाही.

मग चाचण्या झाल्या. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्राच्या अभ्यासात बारा स्वमग्न व्यक्ती आणि त्यांचे नऊ मदतनीस होते. दोघांना चित्रं अशा रीतीने दाखवली की एकाला दुसऱ्याचं चित्र दिसू नये. दोघांपुढे वेगळं चित्र असताना एकदाही बरोबर उत्तर आलं नाही. टंकलं गेलं ते बरेचदा मदतनिसाने पाहिलेलं चित्र. मदतनीस खोटं बोलत नव्हते. प्लँचेटची वाटी जशी बोटं ठेवणाऱ्यांच्या नकळत सरकते, तसेच त्यांचे हात त्यांच्या नकळत अक्षरांकडे जात होते. दरम्यान या पद्धतीने टंकलेल्या आरोपांवरून काही आईबापांवर अत्याचाराचे खटलेही उभे राहिले होते. वाचा-भाषातज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं पुन्हा बजावलं. मूळच्या भारतीय असलेल्या सोमा मुखोपाध्याय यांच्या, अक्षरफळा समोर धरून सूचना देत अक्षरं दाखवायला लावणाऱ्या पद्धतीचीही शिफारस करता येत नाही, असं तिने त्याच वर्षी सांगितलं.

यावरून पालकांना एक साधी कसोटी हाती लागते. मूल फळीवर बोट ठेवतं तेव्हा त्याच्या हाताला किंवा फळीला कुणाचा स्पर्श आहे का? मदतनिसाला ठाऊक नसलेली गोष्ट, समजा शाळेत आज कोण पडलं ते, मूल सांगू शकतं का? सांगत असेल तर शब्द त्याचे. मग ते तीनच का असेनात.

गोव्यातल्या आया आणि एक कॅमेरा

या विषयातलं एक महत्त्वाचं संशोधन गोव्यात झालं आहे. ब्रिटनमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी लहान स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक कार्यक्रम तयार केला होता. त्याची मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मुलाला थेट धडे द्यायचे नाहीत. पालक मुलाशी खेळतात, खेळाची चित्रफीत काढतात, आणि मग थेरपिस्ट व पालक ती एकत्र बसून पाहतात. कुठे मुलाने नजर दिली, कुठे आवाज काढला, कुठे आपण घाईने पुढे गेलो, हे पालकांना स्वतःला दिसतं. ब्रिटनमध्ये हे काम उच्चशिक्षित वाचातज्ज्ञ करत होते. दक्षिण आशियात एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?

१९९६ पासून गोव्यात काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतला एक गट यांनी हा कार्यक्रम इथल्या घरांना जुळवून घेतला आणि या क्षेत्रातलं तज्ज्ञशिक्षण नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडून बारा सत्रांत राबवला. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं त्यात होती. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. पालकांचं बोलणं मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागलं होतं, आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं होतं. एका मोजमापात मात्र उलटं घडलं: दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा काळ घटला होता. एवढं मान्य करूनही, तालुक्याच्या गावातली प्रशिक्षित कार्यकर्ती हे काम करू शकते, ही गोष्ट त्या अभ्यासाने पुढे आणली.

मुलाच्या लक्षाशी हे ‘जुळवून घेणं’ घरात कसं दिसतं? मूल फरशीवर गाडीचं चाक फिरवत बसलं आहे. सवयीची पद्धत अशी: ‘ही काय आहे? गाडी! रंग कोणता? सांग ना काकांना. चाकं किती?’ तीन प्रश्न झाले आणि एकाही उत्तराला वेळ मिळाला नाही. दुसरी पद्धत म्हणजे मुलाच्या नजरेच्या उंचीला, फरशीवर, त्याच्यासमोर बसणं. त्याच्याच चाकाकडे बघून ‘गर्रर्र... फिरलं’ म्हणणं. मग गप्प राहणं. मुलाने मान वर केली, हुंकार दिला, चाक पुढे केलं, यांतलं काहीही झालं तर ते उत्तर मानून त्यावर एखादा शब्द चढवणं. मूल ‘फिर’ म्हणालं तर मोठ्याने ‘चाक फिर’ म्हणावं. पूर्ण परिच्छेद ऐकवू नये.

गप्प राहणं सर्वांत अवघड. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात साध्या शाळांतल्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर सर्वसामान्य मुलांचीही उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. ज्या मुलाला ऐकलेलं उलगडायला आणि स्नायू हलवायला जास्त अवधी लागतो, त्याच्यासाठी थेरपिस्ट मनातल्या मनात पाच ते दहा अंक मोजायला सांगतात. पाहुण्यांसमोर ते दहा अंक फार लांब वाटतात, आणि आई मध्येच उत्तर देऊन मोकळी होते.

भाषा कोणती, हा मराठी पालकांचा आणखी एक पेच. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, शेजारी हिंदी. ‘मुलाचा गोंधळ होईल, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला पुण्यातही मिळतो आणि न्यू जर्सीतही. बहुधा बळी मराठीचा जातो. एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांची एकभाषिक मुलांशी तुलना केली. दोन भाषांमुळे मुलांची इंग्रजी मागे पडल्याचं आढळलं नाही. स्वमग्न मुलांवरच्या नंतरच्या अभ्यासांतही द्विभाषिकतेमुळे नुकसान झाल्याचा पुरावा दिसला नाही. आजीशी, आत्याशी, वाड्यातल्या मुलांशी ज्या भाषेत बोलणं होतं तीच काढून घेतली तर मुलाशी बोलणारी माणसंच कमी होतात.

एका पानाची ओळख

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतेच्या २१ प्रकारांना मान्यता दिली. संवादाच्या व्याख्येत त्याने बोलण्याबरोबर खुणा, ब्रेल आणि पर्यायी साधनांचाही समावेश केला आहे. त्यामुळे शाळेत चित्रफळी आणू देणं ही मुख्याध्यापकांची मेहेरबानी राहत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी डीईआयसी नावाने ओळखली जाणारी जिल्हा पातळीवरची केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवणाच्या क्षेत्रात काम करते आहे.

तपासणीला जाताना मुलाच्या घरातल्या खेळण्याची दोन मिनिटांची मोबाइल चित्रफीत सोबत असली तर तिचा फार उपयोग होतो, कारण अनोळखी खोलीत मूल बहुधा मिटून जातं. दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे मुलाचा ‘संवाद पासपोर्ट’. स्कॉटलंडमध्ये सॅली मिलर यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना घडवली. एका पानावर, मुलाच्याच तोंडी, नव्या माणसाला लागेल ती माहिती लिहायची: डोळे वर नेले म्हणजे माझं ‘हो’. मान फिरवली म्हणजे ‘नको’. थकलो असेन तरी तसंच करतो, म्हणून एकदा थांबून परत विचारा. ‘रिक्षा आली’ म्हणालो तर मला घरी जायचं आहे. कुकरच्या शिट्टीला घाबरतो. माझी फळी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असते, ती कपाटात ठेवू नका. माझ्यासमोर माझ्याविषयी बोलू नका, माझ्याशी बोला.

एक प्रत दप्तरात, एक आजोळी, एक रिक्षावाल्या काकांकडे आणि एक दवाखान्याच्या फायलीत ठेवली की प्रत्येक नव्या बाईंना आणि डॉक्टरांना पहिल्यापासून समजावत बसावं लागत नाही. पानावर तारीख घालावी. चार-सहा महिन्यांत मुलाची जुनी खूण मागे पडते आणि नवी येते. तेव्हा पान पुन्हा लिहायचं, आणि शक्य असेल तिथे काय लिहू ते आधी मुलालाच विचारायचं.